मावशीच्या ओव्यांपासून स्वतःचा लोकसंगीत प्रोजेक्ट कसा उभा करायचा

आधी जातं शोधा. माईक, सॉफ्टवेअर, चॅनेलचं नाव, लोगो हे सगळं नंतर. आमच्या बीडकडं जातं अजून बऱ्याच घरात असतं पण ते परसात पालथं पडलेलं, कुणी त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली, कुणाकडं वरची पाळू आहे तर खुंटा गायब. मी मावशीच्या ओव्या रेकॉर्ड करायला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला ओट्यावर खुर्चीत बसवलं, समोर फोन धरला आणि म्हणलं, म्हण आता. तिला चार ओव्या आठवल्या, पाचवी अर्धी. म्हणली, "विसरले रं सगळं, गिरणी आल्यापासनं कोण दळतंय." दुसऱ्या दिवशी शेजारचं जातं धुऊन पुसून आणलं, सुताराकडनं नवा खुंटा करून घेतला, खाली गोणपाट टाकलं, किलोभर ज्वारी घेतली आणि ती बसली. खुंट्याला हात लागला आणि बाई दोन तास थांबली नाही. ओवी डोक्यात नसते, हातात असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळं पहिली पायरी हीच, गाणं ज्या कामासोबत जन्मलं ते काम तिच्या हातात द्या. ओवी असेल तर जातं, पाळणा असेल तर खरंच एखादं लेकरू मांडीवर द्या, भलरी (शेतात काम करताना म्हणायचं गाणं) असेल तर रानात जा.

आणि जातं नसेलच तर लग्नसराई धरा. लग्नाआधी घाणा भरायचा असतो, जात्याला हळकुंड बांधतात, हळद दळतात आणि त्या वेळी चार बायका आपसूक गायला लागतात. ज्या बाईला एरवी "आम्हाला नाही येत बाबा" म्हणायची सवय आहे ती पण तिथं सूर धरते.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना आपल्याच घरातल्या, आपल्याच गावातल्या गाण्यांमधून काहीतरी छोटं, स्वतंत्र, कुठल्याही कंपनीच्या मागं न लागता करायचंय. पाच-सहा गाण्यांचा अल्बम, नाहीतर यूट्यूबवर एक मालिका, काहीही. मी स्वतः आई, मावशी आणि त्यांच्यासोबत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका यांच्या ओव्यांवर काम केलं, त्यातनं जे शिकलो ते सांगतो.

सुरू करायच्या आधी एक काम करा, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर जाऊन जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह निवांत ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यातनं हे काम उभं केलं, गावागावात बायकांसोबत बसून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ते नुसतं "लुप्त होणारी कला" म्हणून नाही, बाई तिच्या जगण्याबद्दल काय बोलते ते समजून घ्यायला. सासुरवास, माहेर, भाऊ, लेक, दारू पिणारा नवरा, बाबासाहेब, जातपात, पाऊस, पंढरपूर, सगळं त्यात आहे. हे ऐकल्यावर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे आपली मावशी जे गाते ते किती मोठ्या वाड्यातली एक खोली आहे ते कळतं. दुसरं, प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव लिहिलेलं दिसतं, आणि आपणही तसंच करायचं हे डोक्यात बसतं.

विषय निवडताना घाई करू नका. खूप जण आधीच ठरवतात की आपण दुष्काळावर करू, शेतकरी आत्महत्येवर करू, आणि मग त्या विषयाची गाणी शोधत फिरतात. बायकांना ते लगेच कळतं, मग त्या तुम्हाला हवं तेच देतात आणि खरं सांगायचं राहून जातं. तुम्ही बसा, पोरंबाळं कशी आहेत विचारा, दोन-तीन वेळा जा, गाणी जिकडं वळतील तिकडं जाऊ द्या. मला ऊसतोडीवर करायचंच नव्हतं खरं तर, मला आजीच्या विठ्ठलाच्या ओव्या हव्या होत्या. पण मावशी दर तिसऱ्या ओवीला कोयत्यावर यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळीच्या आगंमागं घर सोडायचं, सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात फडावर म्हणजे ऊसतोडीच्या रानात जायचं, कोपी म्हणजे झोपडी घालायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत. मावशीनं बावीस सीझन केले. तिच्या ओवीत विठ्ठल पण फडावर येतो, मोळी उचलायला हात लावतो. आता हा विषय मी घरी बसून कधी सुचवला असता का?

बातमीवरनं गाणं बनवायचा मोह टाळा, हे मुद्दाम सांगतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनच्या बातम्या २०१९ साली सगळीकडं आल्या, राज्य सरकारनं समिती पण नेमली. तेव्हापासनं त्यावर कविता, गाणी, रील खूप झाली. मी दोन बायकांना त्याबद्दल विचारायला गेलो तर एक उठूनच गेली. दुसरी म्हणली, "ते सोड, माझी गुडघेदुखी लिही." मी गुडघेदुखी लिहिली. तिचं दुखणं कुठलं गाण्यात यावं हे तीच ठरवणार.

आता परवानगी. हे लोक सगळ्यात शेवटी करतात आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरनंच होतात. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं म्हणजे परवानगी नव्हे. तिच्या भाषेत सांगा, हे मोबाइलवर येणार, तुझ्या जावेला पण दिसणार, गावातल्या पोरांना पण दिसणार, पैसे आले तर असे वाटणार, नाव लावायचं का नको ते तू सांग, आणि नंतर नको वाटलं तर काढून टाकू. हे सगळं बोलणं व्हिडिओत रेकॉर्ड करा, तिचं उत्तर पण. मग रेकॉर्डिंग झाल्यावर, पूर्ण ऐकवल्यावर, परत एकदा विचारा. मावशीची एक फार सुंदर ओवी होती नणंदेवर, चाल पण वेगळी, माझ्या मते अल्बममधली सगळ्यात भारी. ऐकल्यावर ती म्हणली, "ही नको, ती अजून जिती हाय." काढून टाकली. वाईट वाटलं मला, पण तो निर्णय माझा नव्हताच.

कायद्याचं पण थोडं माहीत असावं. पारंपरिक ओवीवर कुणाची मालकी नसते, पण ती गाणाऱ्या बाईला तिच्या गाण्यावर हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क वेगळा मानलेला आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलाकार म्हणून ओळख मिळण्याचा हक्क पण आहे. म्हणजे क्रेडिटमध्ये नुसतं "पारंपरिक" लिहून मोकळं होता येत नाही. लिहा, पारंपरिक ओवी, गायिका अमुक, माहेर अमुक गाव, सासर अमुक गाव. माहेर का, तर ओवी बहुतेक वेळा माहेराहून आलेली असते, आईकडनं, आजीकडनं. सासरचं एकच गाव लिहिलं तर ओवी कुठून आली ते पुसलं जातं.

रेकॉर्डिंगला येऊ. महागडं काही लागत नाही. बरा फोन, एक कॉलर माईक, जमलं तर एक छोटा हातातला रेकॉर्डर. फाइल वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फोनचं आपलं व्हॉइस रेकॉर्डर बहुतेक वेळा दाबलेली फाइल बनवतं म्हणून वेव्ह देणारं ॲप टाका. आवाजाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण बाई सुरवातीला लाजत हळू गाते आणि तिसऱ्या ओवीला असा काही आवाज लावते की सगळं फाटतं. फोन विमान मोडवर. पहाटे करा, पाचच्या आत, ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधी, तसंही दळायची वेळ तीच होती. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो, तर दोरीवर गोधड्या टाका दोन-तीन, बायकांच्या मागं आणि बाजूला. कुठल्याही स्टुडिओच्या फोमइतकं नाही पण खूप फरक पडतो. पंखा बंद, फ्रीज असला तर तो पण थोडा वेळ बंद, आणि नंतर चालू करायची आठवण ठेवा, एका घरात दूध नासलं आमच्यामुळं, त्यांनी काही म्हणलं नाही पण मला फार लागलं ते.

कॉलर माईक पदराला लावू नका, दळताना पदर घासतो आणि सगळीकडं खरखर येते. खांद्याजवळ ब्लाउजला, पिन आतनं. दुसरा माईक किंवा फोन जात्यापासून हातभर लांब, जमिनीवर नको, घडी केलेल्या घोंगडीवर ठेवा, नाहीतर जमिनीतनं गडगड येते. दोन्ही वेगळं रेकॉर्ड करा आणि सुरवातीला एक टाळी वाजवा म्हणजे नंतर जुळवता येतं. आणि बांगड्या. बांगड्या वाजतात, कॉलर माईकवर तर जास्तच वाजतात, पण बांगड्या काढा असं चुकूनही म्हणू नका. माझ्यासोबत आलेल्या एका पोरानं, शहरात वाढलेला, मनानं चांगला, त्यानं सहज म्हणलं आणि खोलीतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या, मावशीनंच मग हसून विषय बदलला. बांगड्यांचा आवाज राहू द्या. ऐकणाऱ्याला तो हवाच असतो.

एकटीला गायला लावू नका. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एक ओवी काढते, दुसरी धरते, आणि दुसरी धरते तोपर्यंत पहिलीला पुढची सुचते. एकटीला बसवलं की ती सुचायची जागाच जाते. रेकॉर्डिंग बंद करायची घाई पण नको, आमच्या सगळ्यात चांगल्या तीन ओव्या "झालं आता, चहा ठेव" याच्यानंतर आल्यात.

फाइल घरी आल्यावर लगेच तीन कॉपी, एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक ड्राइव्हवर. फाइलच्या नावात तारीख, गाव, गाणारीचं नाव. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधी ऑडिओ म्हणून पाठवलेली दाबली गेली तर कळत पण नाही.

मग उतरवून घेणं. हे कंटाळवाणं वाटतं पण प्रोजेक्टचा जीव इथंच आहे. जशी म्हणली तशी लिहा. पानी म्हणली तर पानी, न्हाई म्हणली तर न्हाई. शुद्ध करायला गेलं की ओवीचं माप मोडतं, कारण तिनं शब्द चालीत बसवलेत, आणि मधे जे "बाई", "गं", "माझ्या" येतं ते भरतीचं नसतं, तिथं ती श्वास घेते. न कळलेला शब्द अंदाजानं लिहू नका, फोन करून विचारा. मला "पाचुंदा" (पाच पेंढ्यांची जुडी) हा शब्द असाच मिळाला, मी तिथं भलतंच काही लिहून बसलो होतो.

सगळे विचारतात की मग यात माझं काय, मी काय नुसता रेकॉर्ड करणारा का? तर नाही, तुम्ही पण जोडा, ओवी तशीच वाढलीय. फक्त आधी तिची चाल अंगात मुरू द्या. महिनाभर ऐका, गाडी चालवताना म्हणा, भांडी घासताना म्हणा. मग दोन ओळींचं माप आपोआप येतं, पहिली ओळ चित्र दाखवते, दुसरी ओळ काळजाला हात घालते आणि शेवटाला यमक. मी जोडलेली एक अशी:

उचल घेतली बाई, पोळ्याच्या आदल्या दिशी
कोयत्याच्या संगं चालली माझी मैना परदेशी

परदेशी म्हणजे इथं कर्नाटक. ही मी मावशीला म्हणून दाखवली तर तिनं दुसऱ्या ओळीत लगेच "चालली" च्या जागी "निघाली" केलं, म्हणली चालली म्हणल्यावर ती दिसते, निघाली म्हणल्यावर मागं राहिलेलं घर दिसतं. अल्बममध्ये तिचाच शब्द आहे आणि क्रेडिटमध्ये ओवीखाली दोघांची नावं आहेत. स्वतः लिहिलेली नवी ओवी पारंपरिक म्हणून खपवू नका आणि पारंपरिक ओवी स्वतःची म्हणून तर अजिबातच नाही.

गाण्यात समाजाचं बोलणं हे काही आपण नव्यानं आणलेलं नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर या शाहिरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं, वामनदादा कर्डकांनी गावोगावी भीमगीतं पोचवली. पण ते मोकळ्या मैदानात हजारो लोकांसमोर म्हणायचं गाणं होतं. ओवी ही चार भिंतीत, पहाटे, दुसऱ्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही आणायचं असेल तर आणा, पण ओवीला पोवाड्यासारखं ओरडायला लावू नका, ती मरते.

वाद्यं. इथं मी सगळ्यात मोठी चूक केली. हौसेनं पेटीवाला नेला, त्यानं काळी चार पट्टी दिली आणि मावशीला म्हणला या सुरात घ्या. मावशी गप्प. तिचा सूर तिथं नव्हताच आणि दोन ओव्यांनंतर तो थोडा वर सरकतो, दळून दळून अंग तापतं तसा. आधी तिचं गाणं एकटं रेकॉर्ड करा, मग तिचा सूर शोधून त्याला वाद्य लावा. एकतारी सगळ्यात सोपी, कान लावून हातानं हळूहळू सरकवता येते. पिच दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर लावू नका, तिचे ते मधले सूर पट्टीत बसवले की ती कुणाचीच मावशी राहत नाही.

लयीचं पण तसंच. जात्यात मूठ टाकली की पाळू जड होते, फेरा हळू होतो, दाणे पिसत आले की हलकी होते, फेरा पळायला लागतो, परत मूठ टाकली की परत हळू. म्हणजे गाण्याची लय श्वासासारखी आतबाहेर होते. आमच्या ढोलकीवाल्यानं आधी मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) लावून वाजवायचा प्रयत्न केला, तिसऱ्या ओवीला दोघं वेगळ्याच गावाला. मग मेट्रोनोम काढून टाकला, लॅपटॉपवर मावशीचा व्हिडिओ लावला आणि त्याला सांगितलं की आवाजाकडं नको, तिच्या मुठीकडं बघ. एका टेकमध्ये झालं. मूठ जात्यात पडते तिथं तो थाप सोडून देतो आणि तेवढ्या रिकाम्या जागेत नुसतं जातं ऐकू येतं, मला अजून ते ऐकताना दरवेळी अंगावर काटा येतो.

चौंडकं, संबळ, दिमडी ही वाद्यं आवाज छान आहे म्हणून कुठंही टाकू नका. संबळ गोंधळ्यांचं, चौंडकं यल्लमाच्या जोगत्यांचं, दिमडी वाघ्याची, त्यामागं देव आहे, घराणी आहेत, पोट आहे. वापरायचं तर त्या माणसाला बोलवा, त्याला नीट पैसे द्या, त्याला विचारा इथं हे वाजवलेलं चालतं का. सॅम्पल पॅकमधलं संबळ टाकून मोकळं होणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

मिक्सिंगला ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस वापरून बघता येतं. करायचं फार थोडं. आवाजातला नको तो गोंगाट काढायचा इफेक्ट मी पहिल्या गाण्यावर भरपूर लावला, जात्याची घरघर सगळी गेली, एकदम स्वच्छ. आईला ऐकवलं तर म्हणली, कुणी मेल्यावर घर असं वाटतं. तो इफेक्ट काढला. आवाज मधे, जातं किंचित एका बाजूला, बस.

बाहेर आणताना डिस्ट्रिब्यूटर (गाणी स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणारी कंपनी) कुठलाही घ्या, आयएसआरसी नंबर म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक तेच देतात. दोन गोष्टी जपा. गीतकाराच्या जागी स्वतःचं नाव टाकू नका, पारंपरिक लिहायची सोय असते. आणि यूट्यूबचं कंटेंट आयडी (दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं आपोआप शोधणारी सोय) पारंपरिक ओव्यांना चालू करू नका, नाहीतर उद्या दुसऱ्या गावातली बाई तीच ओवी गाईल आणि तिच्या व्हिडिओवर तुमचा दावा जाईल. स्वतः रचलेली गाणी असतील तर आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबरशिप घ्या, आणि गाणाऱ्या बाईनं पण रचलं असेल तर तिची पण घ्या, कागदपत्रं तुम्ही भरा, बँक खातं तिच्या नावाचं, नवऱ्याच्या नाही.

स्ट्रीमिंगचे पैसे फार येत नाहीत, ते धरून चालू नका. म्हणून मानधन आधीच द्या, रेकॉर्डिंगच्या दिवशी, कमीत कमी तिची त्या दिवसाची मजुरी बुडते त्याहून जास्त. साडी-चोळी द्यायची तर वरनं द्या, पैशाच्या बदल्यात नको.

आणि ऑनलाइन टाकायच्या आधी गावात ऐकवा, नाहीतर ज्यांचं गाणं त्यांच्याच फडावर. आम्ही सीझनहून बायका परत आल्यावर मारुतीच्या पारावर स्पीकर लावला. बायका लांब भिंतीला टेकून बसल्या होत्या, पहिल्या गाण्याला हसल्या, दुसऱ्याला गप्प झाल्या, चौथ्याला त्यातली एक रेकॉर्डिंगच्या वर स्वतःची ओवी म्हणायला लागली. आम्ही स्पीकर बंद करून फोन काढला. दुसरा भाग तिथनंच सुरू झालाय.

प्रत्येक गाणारीला तिची गाणी मेमरी कार्डावर द्या. लिंक पाठवून उपयोग नाही, फडावर नेट नसतं, पण ट्रॅक्टरवर आणि कोपीत छोटा स्पीकर असतो आणि त्यात कार्ड बसतं. फाइल एमपीथ्री करा, वेव्ह बऱ्याच स्पीकरवर वाजत नाही. नावाच्या आधी ०१, ०२ असे आकडे टाका नाहीतर क्रम उलटासुलटा वाजतो, आणि कार्डावर दुसरं काही ठेवू नका. मावशीच्या कार्डावर सुरवातीला तिचंच बोलणं आहे, नाव, माहेर, सासर, आणि "ऐका बायांनो" एवढंच.